लोणचं आणि आंबवलेली भाजी एक नव्हे

'आपण रोज लोणचं खातोच, मग पोटाला चांगले जंतू मिळतात की' असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. कैरीच्या लोणच्यात मीठ आणि तेल इतकं असतं की त्यात चांगले जंतू वाढवणारं आंबणं फारसं होतच नाही. व्हिनेगरमधल्या भाज्यांचंही तेच.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 निरोगी लोकांवर प्रयोग झाला, 2021 साली छापून आला. निम्म्यांनी 10 आठवडे दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध), किमची (कोरियन आंबवलेली कोबी), भाज्यांचं आंबवलेलं पाणी असं खाल्लं. त्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी (शरीरातल्या सुजेशी) निगडित 19 प्रथिनं घटली. भरपूर तंतुमय पदार्थ खाणाऱ्या दुसऱ्या गटात विविधता तेवढ्यात वाढली नाही. पण माणसं मोजकीच, आणि खाणं रोज सहा-सहा वाट्यांच्या घरात. शिवाय त्यात दहीही होतं, म्हणजे सगळं श्रेय भाजीला देता येत नाही.

घरी भाजी आंबवायला मी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून किलोभर गाजरं आणतो. वजनाच्या अडीच टक्के मीठ आणि थोडी मोहरीपूड लावून बरणीत दाबतो, गाजरं बुडतील इतकं पाणी सुटलं नाही तर त्याच प्रमाणाचं मीठपाणी वरून. इथल्या मे महिन्यात तिसऱ्या दिवशीच बुडबुडे येतात. झाकण सैल ठेवा! एकदा घट्ट लावलं होतं, उघडताना ओट्यावर कारंजं. तांबड्या रश्श्याबरोबर दोन फोडी झकास लागतात. सुरुवातीला गॅसेस होतील, म्हणून चमचाभरच. रक्तदाब असेल तर मिठाचा हिशेब ठेवा.