अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलंय, आता प्रोबायोटिक द्यावं का?
मदत हवी आहे. आईचा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचा 7 दिवसांचा कोर्स संपून आठवडा झाला, तरी तिला दिवसातून तीन-चार वेळा पातळ जुलाब होतात. ताप नाही, रक्त नाही, पण ती फार गळून गेलीय. बघवत नाही.

सॅकरोमायसिस बोलार्डी ही प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव) म्हणून मिळणारी यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून ती कोर्स चालू असतानाच देतात, हे कळलं. पण कोर्स संपल्यावर काय? 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू उलट उशिरा परतले, हे वाचून मी गोंधळलेय.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर जुलाब घडवू शकणारा जिवाणू) याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना उद्या विचारणारच आहे. तुमच्यापैकी कुणी कोर्सनंतर प्रोबायोटिक सुरू केलं होतं का? पोट पूर्ववत व्हायला किती दिवस लागले?