'बोनेनकाई'ला मराठीत काय म्हणावे?

रानवारा :
माझी धाकटी बहीण जपानमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या 'जेट' कार्यक्रमातून एका माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काम करते. तिच्या इंग्रजी टिपणांचा मराठी अनुवाद करताना मी एका ठिकाणी अडले आहे. तिथे शिक्षकवर्गाच्या प्रत्येक जेवणाला वेगळे नाव आहे. एप्रिलमध्ये नव्यांच्या स्वागताची 'कांगेईकाई', मार्चअखेरीस बदली झालेल्यांच्या निरोपाची 'सोबेत्सुकाई', डिसेंबरात सरत्या वर्षाची 'बोनेनकाई', आणि क्रीडामहोत्सव पार पडला की 'उचिआगे'. या सगळ्यांना मिळून 'नोमिकाई', म्हणजे पिण्याचा मेळावा, म्हणतात. अनुवाद वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी सर्वत्र 'पार्टी' लिहायला सांगितले, पण ते मला पटत नाही. बहीण लिहिते की बसायची जागा चिठ्ठी काढून ठरते, भाषण आणि 'काम्पाई' (ग्लास उंचावून सर्वांनी मिळून म्हणायचा शब्द) होईपर्यंत ग्लासाला कोणी ओठ लावत नाही, आणि आपला ग्लास आपण न भरता शेजाऱ्याचा भरायचा असतो. शिक्षककक्षात दिवसभर कागदांतून मान वर न काढणारे उपमुख्याध्यापक त्या संध्याकाळी दोन्ही हातांनी बाटली धरून तिच्यापाशी येतात आणि शब्द जुळवत जुळवत तिला इंग्रजीत हिमालयाविषयी विचारतात. हे सारे 'पार्टी' या शब्दात मावत नाही. निदान बोनेनकाईला तरी मराठी शब्द सुचवावा.

तळटीप :
'बो' म्हणजे विसरणे, 'नेन' म्हणजे वर्ष आणि 'काई' म्हणजे सभा किंवा मेळावा. तेव्हा 'वर्षविस्मरण मेळावा' हा सरळ प्रतिशब्द झाला. नोमिकाईसाठी तर 'पानगोष्ठी' हा संस्कृत शब्द तयारच आहे. नवा शब्द सुरुवातीला कानाला खटकतो, हे मला मान्य आहे. पण सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही वापरानेच रुळले. आपल्यापाशी साधन असताना परका शब्द जसाच्या तसा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पाऊलवाट :
मी काही वर्षे निइगाता प्रांतात हेच काम केले आहे, म्हणून लिहितो. 'पानगोष्ठी' वाचून दहापैकी नऊ वाचकांना विडा आठवेल. बाकी शब्दांचे पुढे बघू, पण उचिआगेला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'श्रमपरिहार'. गणेशोत्सव आटोपल्यावर मंडळाचे कार्यकर्ते किंवा प्रयोगांची मालिका संपल्यावर नाटकमंडळी जे जेवण करतात, तेच हे. हाती घेतलेले काम तडीस गेलेले असते आणि ते ज्यांनी केले तेच जेवायला बसतात. आमच्याकडे क्रीडामहोत्सवाच्या संध्याकाळी उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी सगळे शिक्षक जमत, तेव्हा माझ्या मनात हाच शब्द येई. बोनेनकाईला मात्र तो लावू नये, कारण तिथे संपलेले असते ते वर्ष. शाळेचे काम तर मार्चपर्यंत चालूच राहते.

वऱ्हाडकर :
आपण सगळे पुस्तकात शब्द शोधत आहात. मराठी माणूस 'आज बसायचे का?' एवढेच विचारतो आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नोमिकाईला 'बैठक' म्हणावे. बोनेनकाईला तर 'गटारी'सारखा अस्सल शब्द नाही. पुढे श्रावण, इथे पुढे नवे वर्ष. दोन्हीकडे उंबरठ्यावरचे खाणेपिणे आहे.

तळटीप :
त्या तिथीचे नाव दीप अमावास्या आहे. 'गटारी' हा 'गतहारी'चा अपभ्रंश असल्याचे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि मूळ शब्दाला असा चिखल लागलेला पाहून मला वाईट वाटते.

वऱ्हाडकर :
'गतहारी' ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली वाटते. ज्या शब्दाची लाज वाटते, त्याला संस्कृत आईबाप शोधून देण्याची आपली जुनी सवय आहे. लोक जे बोलतात ती भाषा.

पाऊलवाट :
व्युत्पत्ती काहीही असो, गटारी इथे बसत नाही. ती मित्रांची असते. तिला मुख्याध्यापक नसतात, भाषण नसते आणि 'कांजी'ही नसतो. कांजी म्हणजे जागा ठरवणारा, वर्गणी गोळा करणारा, वेळ सांभाळणारा सहकारी. शेवटी सगळ्यांना उभे करून एका तालात टाळी वाजवून घेतात, आणि ती वाजली की कार्यक्रम संपला. गटारी अशी संपल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणखी एक सांगतो. 'बोनेन'चा जुना अर्थ वयाचा फरक विसरणे असाही आहे. वयाने लहानमोठ्या माणसांच्या मैत्रीला चिनी भाषेत याच अक्षरांनी ओळखतात. उपमुख्याध्यापकांनी बहिणीचा ग्लास भरणे मला त्या अर्थाजवळचे वाटते.

तळटीप :
अर्थ सुंदर आहे, परंतु आजच्या जपानी माणसाला बोनेनकाई म्हटले की सरते वर्षच आठवते. जुन्या अर्थावरून नवा प्रतिशब्द घडवू नये.

वऱ्हाडकर :
'गतहारी'च्या वेळी आपणच जुन्या अर्थाचा आग्रह धरत होता.

रानवारा :
सर्वांचे आभार. एक गोष्ट मी सुरुवातीलाच लिहायला हवी होती. माझी बहीण दारू पीत नाही. तिच्या हातात उलाँग चहा असतो, आणि तिच्या शेजारचे गणिताचे शिक्षकही तोच पितात, कारण त्यांना गाडी चालवत घरी जायचे असते. तिथे प्यायलेल्या चालकाबरोबरच त्याला दारू देणाऱ्यावर आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाऱ्यावरही कायद्याने कारवाई होते. या दोघांना कोणी आग्रह करत नाही. त्यांचा चहाचा ग्लासही तितक्याच अगत्याने भरला जातो. अशा माणसांना 'पानगोष्ठी'त किंवा 'बैठकी'त कसे बसवायचे? तूर्त मी 'वर्षाअखेरचे स्नेहभोजन' असे लिहिले आहे, पण त्यात विसरणे हरवते आणि तेच मला सर्वांत जास्त हवे होते. शिवाय जेवणानंतर त्यांतलेच काहीजण दुसरीकडे जातात, ती 'निजिकाई' अजून बाकी आहे.

वऱ्हाडकर :
ताई, निजिकाई म्हणजे 'दुसरी पंगत'. यावर तरी वाद नसावा.

पाऊलवाट :
दुसऱ्या पंगतीला जागा तीच राहते आणि माणसे बदलतात. निजिकाईत माणसे तीच असतात आणि जागा बदलते.

तळटीप :
'उत्तरगोष्ठी' चालेल.

वऱ्हाडकर :
ते माझ्या गावात कोणालाही कळणार नाही.