मदत हवी आहे : 'ब्लॅक ख्रिसमस' आजच्या काळात आणायचाय, फोनचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी टोरांटोत असते, संध्याकाळी पटकथालेखनाच्या वर्गाला जाते. एखादा जुना सिनेमा आजच्या प्रेक्षकांसाठी नव्याने बेतून त्याचा आराखडा द्यायचा आहे. मी बॉब क्लार्कचा १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस' घेतलाय. तो इथेच टोरांटोत चित्रित झाला, 'हॅलोवीन' या गाजलेल्या भयपटाच्या चार वर्षं आधी. दहा दिवस उरलेत आणि मी एकाच जागी अडकले आहे. (पुढे रहस्य फोडलंय, सिनेमा पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

नाताळची सुट्टी, कॉलेजच्या मुलींचं घर आणि सतत येणारे घाणेरडे फोन. क्लेअर नावाची मुलगी पहिल्यांदा मारली जाते. तोंडावर प्लास्टिक गुंडाळलेली ती माळ्यावरच्या झुलत्या खुर्चीत, खिडकीशी बसलेली असते, आणि खाली तिचे वडील तिला शोधत असतात. माळा कुणी बघतच नाही. पुढे पोलीस त्याच घरातल्या जेसला, म्हणजे नायिकेला सांगतात, फोन आला की त्याला बोलतं ठेव. ती रिसीव्हर कानाशी धरून उभी, आणि तिकडे टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस यंत्रांच्या रांगांमधून धावत जोडणी शोधतोय. शेवटी कळतं, फोन त्याच घरातून येतायत.

माझ्या मते सगळी भीती त्या धावण्याला लागणाऱ्या वेळात आहे. मोबाइलने तो वेळच खाल्ला. रेंज गेली, बॅटरी संपली, दोन्ही लिहून खोडलं. ती लेखकाची सोय वाटते. आता असं केलंय : धमक्या मेसेजवर येतात आणि घरातल्या वायफायच्या राउटरवर बघितलं तर जोडलेल्या फोनांच्या यादीत एक फोन जास्त. कल्पना बरी आहे, पण दोन सेकंदांत संपते.

याआधीचे दोन्ही रिमेक पाहिले. २००६ मध्ये ग्लेन मॉर्गनने खुन्याला बालपण आणि आजार दिला. मूळ सिनेमात त्याचा फक्त डोळा दिसतो, तो कोण हे कळतच नाही. कारण कळलं तिथे माझी भीती गेली. २०१९ मध्ये सोफिया टकालने रोख कॉलेजातल्या पुरुषी सत्तेकडे वळवला. तो राग मला पटतो, पण जेसला गर्भपात करायचाय आणि तिचा प्रियकर पीटर तिला करू देत नाही, हे १९७४ मध्येच होतं. ते मी तसंच ठेवणार आहे.

तर प्रश्न : आज कशाला वेळ लागतो? आणि जुन्या एक्स्चेंजमध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे? फोन खरंच असा शोधायचे?

प्रतिसाद : ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. हो, असाच शोधायचे. जुन्या स्ट्रोजर, म्हणजे यांत्रिक स्विचांच्या एक्स्चेंजमध्ये कॉल चालू असेपर्यंत एकेक सिलेक्टर (कॉल पुढे जोडणारा स्विच) जागच्या जागी अडकून राहायचा. ज्याला फोन आला त्याच्या टोकापासून मागे मागे जायचं, या रॅकवरून त्या रॅकवर. फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की सगळे खटाखट सुटायचे, माग संपला. तुमची यादीही अशीच चालवा. प्रत्येकीला आपापला फोन बंद करायला लावा. बंद केलेला फोन राउटरच्या यादीतून लगेच जातोच असं नाही, कधी काही मिनिटं तसाच दिसतो.

धागाकर्ती : काका, मनापासून आभार! एकेक नाव जाण्याची वाट बघायची, हाच वेळ मला हवा होता. तुमचं वाचताना आणखी एक सुचलं. शेवटी उरलेलं नाव अनोळखी नसेलच. 'क्लेअरचा फोन'. ती घरी गेली असं सगळ्या समजतायत. पण तिला जाऊन तीन दिवस झाले, एवढी बॅटरी सहसा टिकत नाही. म्हणजे माळ्यावर कुणीतरी तो रोज चार्ज करतंय. हे संवादात बोलून दाखवू, की जेसला नुसतं यादीकडे बघत ठेवू?