उत्क्रांती काढली, मग फिजिक्सवाल्यांनी गप्प बसायचं का?

प्रश्न: मी फिजिक्स शिकवतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीने (केंद्राची शालेय पुस्तकं काढणारी संस्था) दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, बायोलॉजीवाले बघतील. खरंच आपला काही संबंध नाही?

केमिस्ट्रीवाली: अहो सर, त्याच पुस्तकातनं आवर्तसारणीचं प्रकरणही गेलंय की! तेव्हा आम्हीही गप्पच होतो, चुकलंच आमचं.

भूगोल_ताई: संबंध कसा नाही? सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, हे वय किरणोत्सारावरनं काढतात म्हणजे तुमचंच फिजिक्स, जीवाश्मांची वयं नाकारणारा तेही नाकारणारच. मी पोरांच्या हातात आधी तो काळा, जड, भोकाभोकांचा दगड देते आणि मग आकडा सांगते, वर्ग एकदम शांत होतो.

प्रश्नकर्ता: पटलं ताई. दगड कुठनं आणता?