मदत हवी आहे: पिकअप रिकामी असली की लय आदळते, पाटे काढू का एअर बलून टाकू?

संत्रावाला_वरुड
राजेहो अर्जंट सांगा. पिकअप आहे, मांगून इतकी आदळते की घरचे बसाले तयार नाई. बाबांले मणक्याचा त्रास, नागपूरले दाखवाले न्या लागते, मांगच्या खेपेले काटोलपर्यंत कसेबसे आले अन् तिथं म्हणे मले एसटीत बसवून दे. पाटेवाला म्हणते मांगच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे पाटे, त्यातले दोन काढून टाक, गॅरेजवाला म्हणते शॉकअप बदल, चुलतभाऊ म्हणते एअर बलून टाक. तिघाचे तीन. कोनतं सस्पेन्शन टाकलं तर गाडी नरम होईन तेवढं सांगा, उद्या गॅरेजले जाऊन राहिलो. भाषण नको.

घाटंजीकर
कोनती गाडी? कोनत्या सालची? रिकामी आदळते का भरलेली?

संत्रावाला_वरुड
टायटलमंदी लिहिलं ना भाऊ रिकामी म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम नाई टाकलं, इथं मंग त्याच्यावरच भांडण सुरू होते. दीड टनवाली साधी पिकअप, पुढं बोनेटवाली. संत्र्याचे कॅरेट भरून नागपूरच्या कळमना मार्केटले नेतो तवा बाजूच्याले झोप लागते इतकी मस्त चालते. येतानी रिकामी आली की हाडं मोजून घ्या.

निवृत्त_फोरमन
नमस्कार. तुमचं उत्तर तुम्हीच दिलंय. दीड टनाची गाडी म्हणजे मागचे पाटे दीड टन पेलायला बनवलेले. रिकाम्या डाल्याच्या वजनाने ते वाकणार कसे? आणि पाटा वाकला नाही की खड्ड्याचा दणका थेट चासीला, तिथून सीटला. तो पाट्याचा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणून मोठ्या गाड्यांना हेल्पर पाटा वेगळा देतात, माल पडला की तोच कामाला येतो, रिकाम्यात त्याने गप्प बसायला पाहिजे.
आता जे लिहिलं नाहीत ते सांगा. टायरमध्ये हवा किती? मागे एका बाजूला पाटे किती? आणि रिकामी गाडी सपाट जागेवर उभी असताना हेल्पर त्याच्या वरच्या पाट्याला टेकतो का मधे फट दिसते? गाडीखाली जाऊन बघा, वरून कळणार नाही.

संत्रावाला_वरुड
हवा पंपावाला टाकते तेवढी, पुढं मांगं ८०. पाटे कोन मोजते काका. मी इचारलं काय टाकू, तुमी मलेच पेपर सोडवाले बसवून राहिले.

दर्यापूरचा_ड्रायव्हर
भाऊ माह्यं आयक, काहीच बदलू नको. पाटे सुकले असन. जळकं ऑइल घे, जॅकवर उचल म्हणजे पाटे मोकळे होतात, मंदात ब्रशनं सोड, रातभर राहू दे. सकाळी पाय गाडी कशी चालते. आमी ४०७ ट्रकवर जिंदगीभर हेच केलं.

निवृत्त_फोरमन
जळकं ऑइल नका टाकू. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते आणि पाट्यांमधे दगडी थर बसतो. शिवाय ते ओघळून शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या, रबर बुशवर जातं, रबर फुगतं, सडतं. पाटे सुकतात हे मात्र खरं, गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, मग पाच-सहा पाटे मिळून एकच जाड पट्टी होते आणि लहान खड्डासुद्धा अंगावर येतो. पण त्याचा उपाय म्हणजे सेट उघडायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, ग्राफाइट ग्रीस लावून परत बांधायचा. टोकाशी प्लास्टिकचे तुकडे असतील तर तिथं काही लावायचं नाही.

दर्यापूरचा_ड्रायव्हर
साहेब तुमी डेपोत होते, आमी रोडवर होतो. सेट उघडाले लागते दिवसभर अन् मजुरी येगळी. जळकं ऑइल फुकट.

टेक्सासचा_अमरावतीकर
इंटरेस्टिंग धागा. मी मूळचा राजापेठचा, बरीच वर्षं इकडे आहे. इथल्या हेवी ड्यूटी पिकअपमध्ये हाच वाद रोज चालतो. रॅम २५०० ला २०१४ च्या मॉडेलपासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्याची मोठी बहीण ३५०० ला मात्र पाटेच, कारण तिच्यावर वजन जास्त टाकायचं असतं. रिकाम्या दोन्ही चालवल्या तर फरक लगेच कळतो. फोर्ड सुपर ड्यूटीला मागे पाटे. तुम्ही मागे कॉइल कन्व्हर्जनचा विचार का करत नाही? चार-पाच लिंक आणि एक आडवा रॉड लागेल.

घाटंजीकर
दादा ते वरुडात कोन वेल्डिंग करन? इथं ट्रॉलीचा हूक सरळ लावून देत नाई.

संत्रावाला_वरुड
डॉलरवाल्याइले काय. एअर बलूनचं सांगा ना कोनी, चुलतभावानं टाकले, तो म्हणते एकदम कारच झाली.

टेक्सासचा_अमरावतीकर
बलूनबद्दल गैरसमज आहे. पाटे तसेच ठेवून जोडीला जी बॅग बसवतात ती जोर वाढवते, कमी करत नाही. माल भरल्यावर मागचा भाग खाली बसू नये म्हणून ती असते. रिकाम्या गाडीत त्यात अगदी कमी हवा ठेवायची, जास्त भरली तर अजून आदळेल. पाटे काढून पूर्ण एअर सस्पेन्शन केलं तरच राइड नरम होते, आणि ते महाग प्रकरण आहे. तुमच्या भावाने बहुतेक बॅग टाकताना एखादा पाटाही काढला असेल. विचारा त्याला.

आरटीओले_भेतो
पाटे काढणे, कॉइल बसवणे हे सगळं करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर आहे त्यापेक्षा गाडी वेगळी केली तर परवानगी लागते. आणि उलट पाटे वाढवून कोणी म्हणत असेल की आता दोन टन चालतं तर तसं नसतं, पासिंगचं वजन आरसीवर आहे तेवढंच. ओव्हरलोडला २०१९ पासून २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार.

दर्यापूरचा_ड्रायव्हर
यानं ओव्हरलोडचं इचारलंच नाई. रिकाम्या गाडीले कोनता दंड बे.

दालमिलवाली
माझ्याकडे दोन पिकअप आहेत, स्वतः चालवते. सस्पेन्शनच्या नादाला नंतर लागा. आधी हवा कमी करा. ८० हवा रिकाम्या गाडीत म्हणजे टायर दगड होतो, पहिला दणका टायरने गिळायचा असतो तो गिळतच नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ स्टिकर असतं, रिकाम्याचा आणि भरल्याचा आकडा दिला असेल तर तो पाळा. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्तचा असतो, पंपावाले तोच भरून मोकळे होतात. माल भरायच्या आधी मात्र परत वाढवा, नाहीतर टायर गरम होऊन फुटेल.
दुसरं, बाबांना न्यायच्या दिवशी डाल्यात रेतीची चार-पाच पोती टाका. एकदम मागे फाळक्याजवळ नाही, मागच्या चाकाच्या बरोबर वर, आणि दोरीने बांधा. आम्ही तुरीची पोती ठेवतो.

घाटंजीकर
ताई रेती आता तुरीपेक्षा महाग आहे 😄

बाभूळबन
मणक्यासाठी रात्री मोहरीचं तेल कोमट करून लसूण टाकून चोळा. माझ्या सासऱ्यांना फरक पडला. गाडीने नेऊच नका, वरुड ऑरेंज सिटी स्टेशनवरून रेल्वेने न्या.

संत्रावाला_वरुड
रेल्वेचा टाइम अन् डॉक्टरचा टाइम जमत नाई. तेल सुरूच आहे.
ताई हवा कमी करून पाह्यली, थोडा फरक आहे. पण सिमेंट रोडवर एक नवीन तमाशा, साठच्या स्पीडले गाडी खालीवर उडत राह्यते, थांबतच नाई. डांबरी रोडवर नाई होत. आता हे काय?

निवृत्त_फोरमन
सिमेंट रोडचे जॉइंट साधारण साडेचार मीटरवर असतात. साठच्या स्पीडला एका सेकंदात चाक तीन-चार जॉइंटवरून जातं, आणि रिकाम्या कडक पिकअपचा मागचा भाग साधारण त्याच ठेक्यात उडतो, म्हणून ठेका जुळून बसतो. स्पीड दहाने कमी किंवा जास्त करा, कमी होईल. आणि उडणं थांबतच नसेल तर मागचे शॉकअप गेलेत, त्यात तुमचा गॅरेजवाला बरोबर असू शकतो. शॉकअपवर ऑइलचा ओघळ दिसतो का? पण नवे शॉकअप टाकले म्हणून पाटा नरम होत नाही, शॉकअप फक्त पाट्याचं उडणं आवरतो. लोक इथेच पैसे घालवतात.
पाटे मोजलेत का?

संत्रावाला_वरुड
मोजले बाप्पा मोजले. खाली घुसलो, पाठीले चिखल लागला. एका बाजूनं ८. खालून दुसरा बाकीच्याइपेक्षा जाड आहे, त्याचा रंगही येगळा, काळा चकचकीत. अन् पाटे धुऱ्याले आवळून धरते त्या यू-बोल्टचे आटे नटच्या बाहेर येतच नाई, नटच्या बरोबरीत संपले. दुसऱ्या बाजूनं पण तसंच. हेल्पर वरच्याले टेकला आहे, बोट काय कागदही जात नाई.

निवृत्त_फोरमन
गाडी नवी घेतली का जुनी?

संत्रावाला_वरुड
जुनी. हे कोनी इचारलंच नाई. आधीचा मालक रेती टाकत होता.

घाटंजीकर
😂😂😂 मी साल इचारलं होतं, पहिल्या मेसेजमंदी.

निवृत्त_फोरमन
मग वादच मिटला. तो काळा पाटा कंपनीचा नाही, रेतीसाठी घुसवलेला आहे. म्हणून हेल्पर रिकाम्यातच टेकतो आणि जाडी वाढल्यामुळे यू-बोल्ट आखूड पडलेत, त्या बोल्टवर तुम्ही संत्रा नेता हेच धोक्याचं. पाटेवाल्याला 'दोन काढ' सांगू नका, तो कंपनीचाही काढेल आणि मग भरल्या गाडीचा मेन पाटा तुटेल, तो चालू रस्त्यावर तुटला तर मागचा धुरा सरकतो. फक्त तो एक काढा, दोन्ही बाजूंचा. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घ्या, जुने परत आवळू नका. सेट उघडलाच आहे तर घासून ग्रीस करा, शॅकल बुश बघा, जाम असेल तर बदला, नाहीतर पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही.

दर्यापूरचा_ड्रायव्हर
म्हणजे पाटे सुकलेच होते. मी तेच म्हणून राहिलो.

दालमिलवाली
तुम्ही जळकं ऑइल म्हणत होता.

आरटीओले_भेतो
तो पाटा काढणं म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं, त्याला ५२ लागणार नाही असं माझं मत. पक्कं तिथंच विचारा.

संत्रावाला_वरुड
अपडेट. काळा पाटा काढला, उजव्या बाजूचा शॅकल बुश पार चिकटला होता, हातोड्यानं काढला. पाटेवाला म्हणे जुनेच यू-बोल्ट चालते, मी काका म्हणतात तसे नवे घेतले. शॉकअपवर ओघळ होता, ते पण बदलले. रिकामी आता बरी चालते, कार नाई झाली पण बाबा मोर्शीपर्यंत आले अन् काही बोलले नाई. काल कॅरेट भरून नेले, मांगून आधीपेक्षा थोडी बसली, चालते का?

निवृत्त_फोरमन
थोडी बसायलाच हवी, आता हेल्पर माल पडल्यावर टेकतो आहे. पण रबर स्टॉपवर आपटत असेल तर माल कमी करा. आणि एक भरली खेप झाली ना, यू-बोल्ट परत आवळून घ्या, नवे पाटे-बोल्ट पहिल्या लोडला बसतात आणि ढिले होतात. पाटेवाले हे सांगत नाहीत.

संत्रावाला_वरुड
आवळले. सगळ्याइचे नट अर्धा-पाऊण फेरा फिरले. आता सीटचा फोम दबला आहे, वरुड नाईतर मोर्शीत कोन चांगला भरून देते?

घाटंजीकर
फोम का काथ्या?