प्रेप का सोडतात, हे प्रश्नावलीतून कळतं?

फिरस्ती: काल प्रेपवर, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधांवर, गणिती यांनी लिहिलं, "प्रेपमधले अडथळे शोधायला मुलाखती कशाला? वीस जणांच्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे. मोठा नमुना घ्या, प्रश्नावली भरून घ्या." वाचून राहवलं नाही. व्हॉइस ही प्रेपची चाचणी आठवा. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ स्त्रिया. विचारलं तर जवळपास ९० टक्के नियमित, परत आलेल्या गोळ्या मोजल्या तरी ८६ टक्के. रक्तात औषध मिळालं ते तीसेक टक्के नमुन्यांत!

गणिती: मग हे माझ्याच बाजूचं झालं. बायका खोटं बोलल्या ते रक्तानं उघडं पाडलं, मुलाखतींनी नाही.

फिरस्ती: रक्त 'किती' ते सांगतं, 'का' ते नाही. पुढे त्यातल्याच काही जणींना त्यांच्या रक्ताचे निकाल दाखवून बोलतं केलं, तेव्हा कारणं बाहेर आली. उपचाराची आणि प्रतिबंधाची औषधं तीच, त्यामुळे बाटली दिसली की लोक आपल्यालाच एचआयव्ही आहे म्हणतील, ही धास्ती. आणि 'खोटं' हा शब्द मागे घ्या.

रातराणी: घ्याच मागे. मी प्रेप घेत होते. बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबायचे. दर भेटीला प्रश्न यायचा, "एकही गोळी चुकली नाही ना?" त्या 'ना'ला दुसरं काय उत्तर देणार? एकदा सहा दिवस चुकल्याचं खरं सांगितलं, तर अर्धा तास बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी 'नाही' म्हणून मोकळी झाले.

टेबलापलीकडून: आलं सगळं समुपदेशकांवर! मी हे काम करते. बाहेर रांग, हातात फॉर्म, एक रकाना रिकामा राहिला तर वरून विचारणा. प्रश्न आम्ही लिहीत नाही, वाचतो.

रातराणी: 'ना' फॉर्ममध्ये छापलेला होता का?

टेबलापलीकडून: नव्हता. पण थकल्यावर तोंडातून जातो तो.

गणिती: मग समोर माणूसच नको. कॉम्प्युटरवर एकटीनं भरू द्या.

फिरस्ती: व्हॉइसमध्ये तीही सोय होती. आकडा फारसा हलला नाही.

गणिती: बरं, 'गप्पा' आणि 'खोटं' दोन्ही मागे घेतो. बाकीचं नाही. मुलाखतीला येतं कोण? ज्याला बोलायचंय तोच. मध्येच सोडून जे पुन्हा फिरकलेच नाहीत, त्यांच्याबद्दल तुमच्या वीस मुलाखती काय सांगणार?

फिरस्ती: इथे तुमचं बरोबर आहे, नाइलाजानं म्हणते. त्यांच्यापर्यंत आम्ही क्वचितच पोहोचतो.

रातराणी: मी त्यांच्यातलीच. आठ महिने झाले सोडून. नंबर तोच आहे, फोन कुणाचाच आला नाही.