शिंदखेडा-साक्रीच्या माळावर रेड वाइनचं द्राक्ष: पाणी पुरेल का?

कोरडवाहू
माझं मत स्पष्ट आहे, पुरेल. खायच्या द्राक्षाला मणी फुगवावा लागतो, वाइनच्या द्राक्षाला नाही. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून शिराझ, कॅबरने या रेड वाइनच्या जातींना मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरेपर्यंत, ठिबक मुद्दाम कमी ठेवायचं. शेंडा थांबला की ताण योग्य. बुडाची पानं पिवळी पडून गळायला लागली तर ताण जास्त झाला, मग उघड्या घडावर ऊन पडून मणी भाजतात. अर्जेंटिनात मेंडोझाला वर्षाला २०० मिमीच्या आसपास पाऊस, तिथे उत्तम रेड वाइन होतेच ना?

पांझराकाठ
मेंडोझाच्या मागे अँडीजचं बर्फ आहे भाऊ, वितळलेलं पाणी पाटाने येतं. शिवाय तिथली वेल थंडीत झोपते. आपली झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी (नवी काडी फुटण्यासाठीची छाटणी) करावी लागते आणि पुढच्या पिकाची काडी ऐन मे महिन्यात तयार होते. तेव्हा पाणी तोडलं तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) घडच कमी निघतात.

हिशोब मांडा. एकरावर १ मिमी म्हणजे ४,००० लिटर. मेमध्ये रोजचं बाष्पीभवन १० मिमी आणि वेलीची गरज त्याच्या ०.३ धरली, तर रोज १२,००० लिटर. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, साधारण १९ लाख लिटर मावतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज ५ मिमी उडालं तरी तळ्यातूनच साडेसहा लाख गेले. वेलीने १० लाख घेतले, की एप्रिलला उरतात अडीच लाख. म्हणजे तीन आठवडे!

कोरडवाहू
तळ्यातून उडणारं पाणी वर शेडनेट टाकलं की बरंच वाचतं, आणि बुंध्याशी उसाचं पाचट अंथरलं की जमिनीतलंही. पण एका तळ्यावर एकच एकर, हे मान्य. दुसरा एकर लावला की दोन्ही जातील.

तळघर
वाइनरीच्या पाण्याची चर्चा विनाकारण होते. एकरी ३ टन माल, टनाला ६५० लिटर वाइन, लिटरमागे ४ लिटर धुण्याला: वर्षाचे जेमतेम ७,८०० लिटर. मेमधला एक दिवससुद्धा नाही. फक्त टाक्या कॉस्टिक सोड्याने धुऊन ते पाणी काळ्या रानात सोडू नका, सोडियमने माती चिकट होऊन पाणी मुरायचं थांबतं. पोटॅशवाला क्षार वापरा.

खरी अडचण उन्हाची. उष्णतेने मण्यातलं मॅलिक आम्ल जळतं, पीएच ३.९ पर्यंत चढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. वाइन खराब होऊ नये म्हणून लागणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड ३.५ ला २५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) पुरतो, ३.९ ला ६० च्या वर लागतो. यीस्ट टाकण्याआधीच टार्टारिक आम्ल घाला, लिटरला १ ग्रॅमने पीएच सुमारे ०.१ उतरतो. तोडणी पहाटे ३ ते ७. दुपारचा ३२ अंशांचा माल टाकीत गेला तर आंबताना ३५ ओलांडतो, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि जिवाणू तिचं आंबट करतात. थंड माल आला की टाकी गार ठेवणाऱ्या चिलरची वीजही वाचते.

पांझराकाठ
तळघरातलं सगळं पटलं. पण पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांच्या गटांना (फडांना) सामायिक देण्याच्या जुन्या पद्धतीत, बंधाऱ्यातलं पाणी बघून पीक ठरायचं. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवता यायचा. वेल एकदा लावली की पंधरा वर्षं दर मेमध्ये पाणी मागते. तळं न भरलेल्या वर्षी टँकर आणणार असाल, तर त्याला शाश्वत म्हणू नका.

कोरडवाहू
त्या वर्षी टँकर नाही. सप्टेंबरअखेर तळं निम्मं असेल तर गोडी छाटणीनंतर निघालेले घडच काढून टाकायचे, पीक सोडायचं आणि उरलेलं पाणी मेसाठी राखायचं. वेल जगते.